नळदुर्गात आत्या बोलल्या

आमच्या घरात सुट्टीला म्हणून कुठं जायची पद्धत नव्हती. ज्या घरी म्हशी असतात त्या घराला सुट्टी नसतेच. ईट गावात आमची थोडी शेती आणि खव्याची भट्टी आहे. पहाटे धारा, मग दुपारपर्यंत दूध आटवणं, संध्याकाळी पुन्हा धारा. मी एसटीनं भूमला जाऊन तिथल्या शाळेत मराठी शिकवते, त्यामुळं मुलींच्या सहलीबरोबर मला निदान चार ठिकाणं बघायला मिळाली. माझे यजमान लग्नानंतरच्या पंचवीस-सव्वीस वर्षांत दोन दिवस सलग घराबाहेर राहिले ते एकदाच, वडिलांच्या शेवटच्या आजारपणात, बार्शीच्या दवाखान्यात.

म्हणून आमच्या मुलीनं पुण्याहून फोन करून सांगितलं, की नळदुर्गला तुमच्यासाठी दोन दिवस खोली घेतलीय, तेव्हा ते आधी चिडलेच.

"म्हशी कोण बघंल? अन् आईला कुठं ठिवायचं?"

"आजीला घेऊनच जा ना. आजी तिकडचीच आहे की," मुलगी म्हणाली.

आजी तिकडचीच होती. ही गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती, पण कित्येक वर्षांत कुणी ती बोलून दाखवली नव्हती.

सासूबाईंना मी आत्या म्हणायची. त्यांचं माहेर मुरूमच्या पुढं, अगदी कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेलं. गाव महाराष्ट्रात आणि गावाची निम्मी शेतं कर्नाटकात. निजामाच्या काळी तिथं ह्या बाजूचे, त्या बाजूचे असं काही नव्हतं, सगळा एकच मुलूख. पुढं राज्यं वेगळी झाली. त्यांच्या घरात कन्नड बोलत. आमच्यात सोयरिकी लांब लांब होतात. सोलापूरच्या एका लग्नात कुणीतरी मुलगी दाखवली, आणि सतरा वर्षांच्या आत्या धाराशिव जिल्ह्याच्या त्या टोकाहून ह्या टोकाला, ईटला आल्या. तेव्हा त्यांना मराठी समजत होतं जेमतेम. बोलता येत नव्हतं.

मी सून म्हणून आले तेव्हा त्यांना तिथं तीस वर्षं होऊन गेली होती. तोवर त्या आमच्यासारखंच बोलत होत्या, लई, न्हाय, व्हय सगळं. एकच खोड राहिली होती. त्यांना तो, ती, ते जमायचं नाही. त्या "तो भाकरी" म्हणायच्या, "ती दूध" म्हणायच्या. पाहुणे हसायचे. पदर तोंडाला लावून आत्याही हसायच्या. आणि मी मराठीची बाई! "आत्या, ते दूध," असं मी हळूच सांगायची. माझ्या मते प्रेमानं. "व्हय बाई, ते दूध," असं त्या म्हणायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मला कधी सुचलं नाही, की जी बाई एक अख्खी भाषा परक्या घरात नुसती ऐकून शिकली, तिला आपण काय शिकवतोय.

माझ्या यजमानांनी लग्नानंतर लवकरच मला एक गंमत सांगितली होती. ते चौथीत असताना डबा विसरले. आत्या तो घेऊन शाळेत गेल्या आणि घाईत खिडकीतून त्यांनी हाक मारली, "इल्ली बा." इकडं ये. वर्ष संपेपर्यंत पोरं ह्यांना "इल्लीबा" म्हणून चिडवत होती. संध्याकाळी घरी येऊन ह्यांनी दप्तर फेकलं आणि आईला सांगितलं, "तू माझ्याशी तसलं बोलत जाऊ नको." त्यानंतर त्या घरात कधी कन्नड बोलल्या नाहीत. ही गंमत म्हणूनच त्यांनी सांगितली होती, आणि मीही हसले होते.

गोठ्यात मात्र आत्यांचं काहीतरी चाललेलं असायचं. धार काढताना म्हशीच्या कुशीला डोकं टेकवून त्या हळू आवाजात बोलत. मला वाटायचं, जनावराला चुचकारायचे असतात तसलेच ते आवाज आहेत. ती भाषा होती. घरात कुणाशी बोलायची नाही म्हणून त्या म्हशींशी बोलत होत्या.

मामंजी गेले आणि सहा महिन्यांतच आत्यांना विसर पडायला लागला. आधी चुलीवर ठेवलेलं विसरलं, मग वार विसरला, मग नात्यातली नावं. बार्शीच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा विसरण्याचाच आजार आहे, ह्याच्यात मागं येणं नसतं, सांभाळा. आम्ही सांभाळत होतो. पण गोष्टी विसरण्याबरोबर त्यांचं मराठीही जात होतं, हे कळायला आम्हाला वेळ लागला. एके दिवशी पाणी मागताना त्या "नीर" म्हणाल्या. मग जेवणाला "ऊटा". मग वाक्यंच्या वाक्यं. यजमानांना ती वाक्यं कळत नव्हती, मला तर नाहीच. शेजारच्या काकू म्हणाल्या, "लई बडबड कराय लागलीय की म्हातारी." मग आम्हीही त्या बोलण्याला बडबडच म्हणायला लागलो. मी भाषेची पदवी घेतलेली बाई, एका माणसाच्या पुऱ्या, शहाण्या वाक्यांना बडबड म्हणत होते, कारण ती मला समजत नव्हती.

शेवटी चुलतदिरांनी म्हशींची जबाबदारी घेतली आणि आम्ही निघालो. भाद्रपद संपत आला होता. पाऊस बरा झाला होता आणि नळदुर्गच्या किल्ल्यातले नर-मादी धबधबे सुरू झाल्याचे व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर येत होते.

तेरखेड्याला फटाक्यांची दुकानं लागली, तेव्हा यजमान म्हणाले, "परतताना पोरीसाठी दिवाळीचं घेऊ." आत्या मागच्या सीटवर माझ्याजवळ होत्या. येडशीपर्यंत त्यांनी डोळे मिटलेले. धाराशिव गेलं. तुळजापूरला गाडी बाजूला घेऊन आम्ही लांबूनच हात जोडले, कारण गर्दीत त्यांना नेणं शक्य नव्हतं. त्यांनी आमचं बघून हात जोडले. पुढं नळदुर्गच्या रस्त्याला लागलो, काळ्या रानात तुरी आणि सोयाबीन दिसायला लागलं, आणि त्या सरळ होऊन बसल्या. काचेला नाक लावलं. त्या काहीतरी विचारायला लागल्या. एकच प्रश्न, पुन्हा पुन्हा. मी म्हणाले, "हो आत्या, आलंच." त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मान फिरवली. तसं मान फिरवणं मी हल्ली रोज बघत होते. मला वाटायचं, आजारामुळंच.

किल्ल्यात पोचलो तेव्हा अकरा वाजले असतील. नळदुर्गचा किल्ला ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. बोरी नदीवर दगडी बंधारा घातलाय आणि त्या बंधाऱ्याच्या पोटातच पाणीमहाल आहे. धरण भरलं की दोन सांडव्यांवरून पाणी खाली कोसळतं, तेच नर आणि मादी. महालात उभं राहिलं की पाणी आपल्या डोळ्यांसमोरून खाली जातं आणि आपण कोरडे. आदिलशहांनी बांधला, मग मोगल आले, मग निजाम. किल्ला कायम कुणाच्या तरी सीमेवरच राहिला. मी सहलीत मुलींना हे सगळं पाठ म्हणून दाखवायची. त्या दिवशी मात्र मी फक्त आत्यांचा हात धरून चालत होते.

त्या खूश होत्या. पाण्याचा आवाज ऐकू आला तशी त्यांनी चपला काढून हातात घेतल्या. ओल्या दगडावर पाय टेकवला की त्या हसायच्या. वर्षभरात त्यांचं असं हसू मी पाहिलं नव्हतं. यजमानांनी फोटो काढले. मग ते म्हणाले, "मी जरा उपली बुरुजावर जाऊन येतो. तुम्ही बसा हितंच." किल्ल्यातल्या त्या सगळ्यात उंच बुरुजाच्या पायऱ्या आत्यांना झेपणार नव्हत्या.

आम्ही दोघी तटाच्या सावलीत एका दगडावर बसलो. थोड्या अंतरावर एक बाई पाटीत सीताफळं घेऊन बसल्या होत्या. साठीच्या असतील. हिरवं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू, कानात जुन्या धाटणीच्या कुड्या. त्यांच्यासोबत कुणी नव्हतं, एकट्याच होत्या आणि गिऱ्हाईकही नव्हतं. त्या फोनवर कुणाशी तरी बोलत होत्या. कन्नडमध्ये.

आत्यांनी माझा हात सोडला.

त्या उठल्या, त्या बाईंसमोर जाऊन उकिडव्या बसल्या आणि बोलायला लागल्या. बाईंनी फोन ठेवला. आधी त्यांना आश्चर्य वाटलं, मग त्या उत्तर द्यायला लागल्या. मी धावत गेले होते, पण जवळ जाऊन थांबले. आत्या बोलत होत्या. अडखळत नव्हत्या, शब्द शोधत नव्हत्या. हात हलवत, भुवया उंचावत, मध्येच त्या बाईंच्या गुडघ्यावर चापट मारत त्या बोलत होत्या. दोघी एकदम कशावर तरी हसल्या. त्या बाईंनी एक सीताफळ फोडून त्यांच्या हातावर ठेवलं. आत्यांनी बिया व्यवस्थित वेगळ्या काढून पदराच्या टोकात ठेवत ते खाल्लं आणि बोलत राहिल्या. घरी मी त्यांना घास भरवत होते.

मी दोन पावलांवर उभी होते आणि मला एक शब्द कळत नव्हता. तिथं मी परकी होते. असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

बऱ्याच वेळानं आत्या थांबल्या आणि पाण्याकडं बघत बसल्या. मी त्या बाईंजवळ खाली बसले. "मावशी, काय म्हणाल्या हो त्या? आम्हाला कळत नाही. माझ्या सासूबाई आहेत. आजारी असतात."

 मावशींनी पाटीतली सीताफळं उगाच इकडची तिकडं केली.

"काय न्हाय ओ. म्हातारं माणूस. कायबी बोलतंय."

"सांगा ना मावशी."

"वाईट वाटून घिऊ नका मग." त्यांनी आवाज बारीक केला. "त्या म्हणत्यात, म्या एका घरात राहाते. माणसं चांगली हायत. आंघोळ घालत्यात, जेवाया घालत्यात, केस इंचरत्यात. पर माझ्याशी कुणी बोलत न्हाय. म्या बोलले तर नुसती बघत्यात. म्या कायतरी मोठी चूक केली आसंल. काय केली ते मला याद येत न्हाय. म्हणत्यात, तुमी आमच्याकडच्या हाव, आमच्या घरी सांगा, अव्वाला म्हंजी आईला सांगा, मला न्यायला या म्हणावं."

 वर्षभर मी त्यांच्याशी बोलत होते. सकाळी उठल्यापासून. "आत्या, उठा. आत्या, दात घासू. आत्या, हे घ्या." मी इतकं बोलत होते, की कधी कधी घसा दुखायचा. आणि त्यांच्या दृष्टीनं त्या घरात वर्षभर कुणी तोंड उघडलं नव्हतं. शिक्षा म्हणून.

मी रडायला लागले तसा मावशींनी माझ्या पाठीवर हात ठेवला. आत्यांनी वळून बघितलं आणि मावशींना काहीतरी विचारलं. मावशी म्हणाल्या, "ही का रडती, म्हणत्यात."

"काय सांगितलंत?"

"म्हणलं, आईची याद आली तिला."

तेवढ्यात यजमान बुरुजावरून उतरून आले. घामेजलेले, खुशीत. वरच्या लांबलचक तोफांचे फोटो दाखवायला फोन पुढं केलेला. माझं तोंड बघून थांबले. मी त्यांना बाजूला नेलं नाही. तिथंच, आत्यांसमोर, सगळं सांगितलं. सांगायला अडचण नव्हती, त्यांना मराठी कळत नव्हतंच.

ते खाली बसले. बराच वेळ त्यांनी हातातला फोन नुसता पुसला. मग म्हणाले, "म्याच बंद केलं व्हतं तिचं बोलणं. चौथीत."

"लहान होता तुम्ही."

"मोठं झाल्यावर तरी कुठं चालू केलं?"

 ते मावशींकडं वळले. "मावशी, चूक आमची हाय, तुझी न्हाय, हे तुमच्यात कसं म्हणायचं?"

"तप्प नम्मदु," मावशी म्हणाल्या. "चूक आमची. तप्प नम्मदु."

त्यांनी दोन-तीनदा पुटपुटून बघितलं. मग आत्यांच्या समोर जाऊन, गुडघे टेकून, त्यांचे दोन्ही हात धरून ते म्हणाले, "अव्वा, तप्प नम्मदु."

आत्यांनी त्यांच्याकडं लक्ष देऊन बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर ओळख नव्हती, पण माया होती. त्यांनी ह्यांच्या कपाळावरचा घाम पदरानं टिपला आणि दोन वाक्यं बोलल्या.

ह्यांनी मावशींकडं बघितलं. मावशी म्हणाल्या, "म्हणत्यात, पावणं, तुमी कशाला माफी मागता? तुमी तर मला एवढ्या लांब फिरायला आणलं."

त्या दिवशी आम्ही किल्ल्यातलं पुढचं काही बघितलं नाही. मावशींची सीताफळं आम्ही सगळी घेतली, पण उठावंसं वाटत नव्हतं. त्याही उठल्या नाहीत. माझ्या पर्समध्ये शाळेची एक वही होती. मी मावशींना म्हणाले, रोजची बोलायची वाक्यं सांगा. जेवलीस का? झोप लागली का? दुखतंय का? पाऊस आला. म्हैस व्याली. तू आमची आहेस. त्या सांगत होत्या, मी मराठी अक्षरांत लिहून घेत होते. मी चुकीचा उच्चार केला की आत्या हसायच्या. मावशींच्या बोलण्यावर त्या मान डोलवायच्या, जणू माझी परीक्षा चालली होती आणि त्या बघायला आल्या होत्या. निघताना मावशींनी त्यांचा नंबर लिहून दिला. "कायबी अडलं तर फोन करा. आमचा देव खंडोबासुद्धा थोडे दिस अणदुरात ऱ्हातो, थोडे दिस नळदुर्गात. दोनी गावं त्याला आपला मानत्यात. तुमच्या सासूचं तसंच समजा."

त्या चांगल्या मनानं म्हणाल्या होत्या. पण देवाला दोन्ही गावांत वाजतगाजत नेतात, एवढा फरक होता.

खोलीवर आत्या कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पोटभर जेवल्या आणि दिवेलागणीलाच झोपल्या. यजमान म्हणाले, "उद्या हिच्या गावाला जाऊ. तिनं निरोप दिलाय न्यायला या म्हणून. तर नेऊ."

"तिथं आता कोण आहे?"

कुणी नव्हतं. आत्यांचे आई-वडील जाऊन जमाना झाला होता. दोन्ही भाऊ जमीन विकून गुलबर्ग्याला गेले होते आणि तिथंच वारले होते. त्यांची मुलं लग्नपत्रिका पाठवत, तीही मग बंद झाली. ह्यांना माहीत होतं हे. तरी म्हणाले, "गाव तर हाय ना?"

दुसऱ्या दिवशी मुरूममार्गे निघालो. रस्त्यानं पाट्या बदलत गेल्या, एका दुकानावर मराठी, शेजारच्यावर कन्नड, एखाद्यावर दोन्ही. गाडीत यजमान पहिल्यांदाच त्यांच्या आजोळाबद्दल बोलले. लहानपणी दोन-तीनदा ते आईबरोबर तिथं गेले होते. "आजी मला मांडीवर घ्यायची, हातावर गूळ ठिवायची, पर एक शब्द बोलायची न्हाय. म्या लई दिवस समजत व्हतो, आजी मुकी हाय." रस्त्याकडं बघतच ते म्हणाले, "तिला मराठी येत नव्हतं. अन् मला तिचं."

गावात घर सापडायला वेळ लागला नाही, कारण वेशीजवळच्या पारावर बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी आत्यांच्या वडिलांचं नाव ऐकताच काठी उचलून दिशा दाखवली, आणि मग स्वतःच बरोबर आले. जुनं माळवदाचं घर पाडून तिथं नव्या मालकांनी स्लॅबचं घर बांधलं होतं. पुढं लोखंडी गेट, आत मोटारसायकल. त्या घरच्या सुनेनं आम्हाला आत घेतलं, पाणी दिलं. दोन-चार बायका जमल्या. सगळ्या आत्यांशी कन्नडमध्ये बोलायला लागल्या. आत्या प्रत्येकीला उत्तर देत होत्या, कुणाच्या बांगड्यांना हात लावून बघत होत्या. माहेरवाशिणीसारख्या दिसत होत्या. मला वाटलं, बरं झालं आलो.

मग त्यांनी पदर खोचला आणि त्या उभ्या राहिल्या. "मनिगि होगूण," त्या म्हणाल्या. हे वाक्य कालच माझ्या वहीत आलं होतं. चला, घरी जाऊ.

बायका हसल्या. त्या सुनेनं त्यांना समजावलं असावं, की हेच तुमचं घर, हेच तुमचं गाव. आत्यांनी गेटकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं, छताकडं बघितलं. "इल्ल," त्या म्हणाल्या. नाही.

काठीवाले बाबा पुढं आले. त्यांनी आत्यांना लहानपणी पाहिलेलं होतं. त्यांनी मोठ्यानं काहीतरी विचारलं आणि आत्या सांगायला लागल्या. बाबा ऐकत ऐकत ह्यांच्याकडं बघत होते.

"घर कसं हाय, ते इचारलं म्या," बाबा मराठीत म्हणाले. "सांगत्यात, दारात दोन लिंबं हायत. मागं गोठा. म्हशी हायत पाच-सहा. पडवीत खव्याची भट्टी हाय, एक माणूस दूध हलवत बसलाय. अन् अव्वा उंबऱ्यात बसलीय, माझी वाट बघत."

दोन लिंबं, गोठा, भट्टी हे ईटचं घर होतं. दूध हलवणारा माणूस म्हणजे मामंजी असतील किंवा हे. उंबऱ्यात बसलेली त्यांची आई मात्र ईटला कधी आलीच नव्हती. लेकीच्या सासरी जायचं नाही म्हणून आली नाही, आणि नंतर मरून गेली. आत्यांना ज्या घरी जायचं होतं ते घर त्यांनी दोन्हीकडचं थोडं थोडं घेऊन बांधलं होतं, आणि तिथं नेणारा रस्ता आम्हाला माहीत असणार नव्हता.

यजमान बाहेर जाऊन गाडीजवळ उभे राहिले. पाठमोरे. बाबा त्यांच्याजवळ जाऊन शेजारी थांबले.

आत्यांना गाडीत बसवताना मला भीती होती, की त्या हट्ट करतील, रडतील. तसं काही झालं नाही. त्या शहाण्यासारख्या बसल्या. बायकांनी ओटी भरली, खण-नारळ दिला. आत्यांनी सगळ्यांना हात केला. गाव मागं पडलं तरी त्या मागं बघत नव्हत्या, पुढंच बघत होत्या. अजून पोचायचं होतं त्यांना.

ईटला आल्यावर मी वही गोठ्याजवळच्या खुंटीला टांगली. सकाळी शाळेला जायच्या आधी आणि आल्यावर मी त्यातलं बोलायची. "अव्वा, ऊटा आत?" जेवण झालं का? पहिल्या दिवशी हे ऐकल्यावर आत्या हातातलं भांडं खाली ठेवून माझ्याकडं बघत राहिल्या. मग माझ्या गालावरून हात फिरवून त्यांनी बोटं कडाकडा मोडली आणि इतकं काही बोलल्या, की मला त्यातले दोनच शब्द कळले. माझ्याकडं प्रश्न होते, उत्तरं समजायची सोय नव्हती. काही अडलं की मी मावशींना फोन लावायची, आत्यांच्या कानाशी धरायची, मग मावशी मला सांगायच्या. पण त्या पाटी घेऊन हिंडणाऱ्या, दर वेळी कशा सापडणार?

यजमान माझ्यापेक्षा लवकर शिकले. लहानपणी कानावर पडलेलं कुठंतरी आत होतंच. भट्टीवर दूध हलवताना ते आत्यांना शेजारी बसवून घेत आणि दोघं काहीबाही बोलत. म्हशीला काय म्हणतात, धुराला काय म्हणतात. एकदा मी शाळेतून आले तर दोघं हसत होती. काय झालं म्हणून विचारलं तर हे म्हणाले, "माझं चुकलं. ही मला सुधारून सांगतीय." ते त्यांना पावणेच होते शेवटपर्यंत. पण आता जवळचे पावणे होते. कधी कधी आत्या ह्यांना विचारायच्या, तुमची आई कुठं असते? हे म्हणायचे, "हितंच हाय." त्यावर आत्या म्हणायच्या, बरं आहे, तिला सांभाळा.

असे चार महिने गेले. चारच. शिकायला पंचवीस वर्षं हातात होती आणि आम्ही चार महिने शिकलो.

माघात त्यांना ताप आला, छातीत कफ भरला. बार्शीला नेलं, आठ दिवसांनी परत आणलं. नंतर त्या बोलेनाशाच झाल्या. कन्नडही नाही. मी वहीतली वाक्यं एकेक करून म्हणायची. त्या डोळे उघडून बघायच्या, ओठ हलवायच्या, आवाज यायचा नाही. एका सकाळी हे धारा काढून आत आले, त्यांच्या अंथरुणाशी बसले आणि तसेच बसून राहिले. मी चहा घेऊन गेले तेव्हा म्हणाले, "गेली."

मुलगी पुण्याहून आली. दिवस झाले. तेराव्याला जेवायला बसलेल्या पाहुण्यांत एकानं "तो भाकरी"ची आठवण काढली. चारजण हसले. यजमान पानावरून उठून गेले. लोकांना वाटलं, दुःखानं.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी, मी पाचवीच्या वर्गावरून परत येताना फोन वाजला. सीताफळवाल्या मावशी होत्या. बरेच दिवस माझा फोन नाही म्हणून त्यांनी केला होता. आता माझ्याशी त्या थोडं कन्नड बोलायच्या, मला सराव व्हावा म्हणून.

"अव्वा हेंग अदार?" त्यांनी विचारलं.

अव्वा कशा आहेत. प्रश्न मला लगेच कळला, मनात मराठी करावं लागलं नाही. आणि उत्तर मला येत नव्हतं. तो शब्द मी मावशींना कधी विचारलाच नव्हता. व्हरांड्यात मुली पळत होत्या, घंटा झाली होती. मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि त्यांना मराठीतच सांगितलं.